मातीला मानवणारी राज्यघटना : एका लोकप्रिय युक्तिवादाचा प्रतिवाद

वसाहतवादी राजवटीतून सुटलेल्या देशांनी आपल्या राज्यघटना परदेशी नमुन्यांवरून बेतल्या आणि म्हणूनच तेथील लोकशाहीला मूळ धरता आले नाही, हा युक्तिवाद गेल्या पाऊणशे वर्षांत इतक्या परस्परविरोधी गोटांतून मांडला गेला आहे की तो खरा आहे की नाही, हे तपासून पाहण्याची गरज आता फारशी कोणाला वाटत नाही. भारताच्या घटना समितीत म्हैसूरचे के. हनुमंतय्या यांनी आपल्याला वीणेचे किंवा सतारीचे सूर हवे होते, पण कानी पडला तो इंग्रजी बँड, अशा आशयाची खंत व्यक्त केली होती. ओरिसाचे लोकनाथ मिश्र यांना मसुद्यात पाश्चात्त्यांचे दास्यवृत्तीचे अनुकरण दिसले होते. श्रीमन्नारायण अग्रवाल यांनी त्याआधीच, १९४६ मध्ये, ग्रामपंचायतींच्या पायावर उभारलेल्या गांधीवादी घटनेचा आराखडा गांधीजींच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध केला होता. आणि घटना स्वीकारली गेल्यानंतर चारच दिवसांनी, ३० नोव्हेंबर १९४९ रोजी, ‘ऑर्गनायझर’ या साप्ताहिकाने मनूच्या कायद्यांची घटनाकारांनी दखल घेतली नाही याबद्दल विषाद प्रकट केला होता. गांधींचे अनुयायी आणि मनूचे अभिमानी ज्या एका तक्रारीवर एकत्र येतात, ती तक्रार फार खोल तरी असली पाहिजे किंवा फार मोघम तरी. ती मोघम आहे, आणि तिच्या मोघमपणाचा लाभ आजवर बहुतेक वेळा सत्ताधाऱ्यांनीच उठवला आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

तथापि एखाद्या मताचा प्रतिवाद करायचा तर ते आधी त्याच्या सर्वांत बळकट रूपात मांडणे आवश्यक असते. या मताचे बळकट रूप असे की, राज्यघटना म्हणजे केवळ कलमांची संहिता नव्हे. कलमांमागे राज्यकर्त्यांच्या सवयी, संकेत आणि लोकांच्या अपेक्षा यांचा मोठा साठा असतो, आणि संहिता जहाजात घालून आणता आली तरी तो साठा मूळ देशातच राहतो. ब्रिटिश पद्धतीची संसदीय व्यवस्था, म्हणजे ज्या व्यवस्थेत मंत्रिमंडळ विधिमंडळाला जबाबदार असते आणि राजा किंवा राष्ट्रपती नाममात्र प्रमुख असतो ती, तर बव्हंशी अशा अलिखित संकेतांवरच चालते. बहुमत गमावलेल्या पंतप्रधानाने राजीनामा द्यावा, राजाने मंत्रिमंडळाच्या सल्ल्याबाहेर जाऊ नये, हे ब्रिटनमध्ये कोणत्याही एका कागदावर लिहिलेले नाही. लायबेरियाने १८४७ मध्ये अमेरिकी संघराज्याच्या घटनेवर जवळजवळ बेतलेली घटना स्वीकारली आणि तिच्या छायेखाली अमेरिकेतून परतलेल्या मुक्त कृष्णवर्णीयांच्या छोट्या वर्गाने स्थानिक बहुसंख्याकांवर शतकाहून अधिक काळ राज्य केले, हे उदाहरण या मताचे पुरस्कर्ते हटकून देतात, आणि ते खरेही आहे.

मात्र या उदाहरणावरून काढला जाणारा निष्कर्ष निराळा आहे. नक्कल फसली, याचा अर्थ परकेपणामुळे फसली असा होत नाही; लायबेरियात फसली ती जनतेच्या मोठ्या भागाला नागरिक मानण्यातच आलेले नव्हते म्हणून, आणि तशा अवस्थेत स्थानिक परंपरेतून निपजलेली घटनाही त्याच वर्गाच्या हाती त्याच कामासाठी वापरली गेली असती. युक्तिवादातील ही उडी लक्षात आली की पुढचा प्रश्न आपोआप उभा राहतो : नव्या लोकशाही देशांच्या घटनांमध्ये जे घातक ठरले, ते खरोखर परदेशातून आणलेले होते, की आधीपासून घरात असलेले?

या प्रश्नाची तपासणी भारताच्या बाबतीत सर्वांत नीट करता येते, कारण भारतीय घटनेतील उसनवारीचा हिशेब घटनाकारांनी स्वतःच उघड ठेवला होता. मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी मसुदा सभागृहापुढे मांडताना उसनवारीच्या आरोपाला बगल दिली नाही. घटनाविषयक मूलभूत कल्पनांवर कोणाचे पेटंट नसते, त्यामुळे त्या घेण्यात वाङ्मयचौर्य नाही, असे त्यांनी सांगितले, आणि १९३५ च्या भारत सरकार कायद्यातील मोठा भाग मसुद्यात उतरला आहे, या आरोपाबद्दल क्षमा मागण्याचे त्यांनी नाकारले. त्यांना खेद होता तो वेगळ्याच गोष्टीचा : त्या कायद्यातून आलेल्या तरतुदी मुख्यतः प्रशासनाच्या तपशिलाच्या होत्या. हा तपशील घटनेत घालावा लागतो, कारण घटनेचे रूप न बदलताही प्रशासनाची पद्धत बदलून तिचा आत्मा मारता येतो आणि घटनात्मक नीतिमत्ता, म्हणजे घटनेच्या मर्यादा स्वखुशीने पाळण्याची राज्यकर्त्यांची वृत्ती, भारतात अजून रुजायची आहे, असे त्यांचे समर्थन होते. टीकाकारांनी या भाषणातील उसनवारीचे वाक्य पाठ केले आणि १९३५ च्या कायद्याबद्दलचे वाक्य सोडून दिले. खरे वादस्थळ मात्र तेथेच आहे.

वटहुकूम काढण्याचा अधिकार हे त्याचे उत्तम उदाहरण होय. वटहुकूम म्हणजे विधिमंडळाचे अधिवेशन चालू नसताना कार्यकारी सत्तेने काढलेला आणि कायद्याइतकेच बळ असलेला हुकूम. ज्या इंग्लंडची नक्कल केल्याचा आरोप होतो, त्या इंग्लंडच्या राजाला हा अधिकार नाही. केवळ घोषणा काढून राजाला नवा कायदा करता येत नाही असे तेथील न्यायाधीशांनी १६१० मध्येच सांगितले आणि १६८९ च्या अधिकारपत्राने त्या वादावर पडदा पाडला. भारतात मात्र गव्हर्नर जनरलला हा अधिकार १८६१ च्या कौन्सिल कायद्याने मिळाला, म्हणजे उठावानंतरच्या भेदरलेल्या साम्राज्याने तो स्वतःच्या सोयीसाठी निर्माण केला. १९३५ च्या कायद्याच्या ४२ व्या कलमातून तो पुढे आला आणि घटनेच्या १२३ व्या व २१३ व्या कलमांत अनुक्रमे राष्ट्रपती आणि राज्यपाल यांच्या नावाने स्थिरावला. अधिवेशन पुन्हा सुरू झाल्यापासून सहा आठवड्यांनी वटहुकूम संपुष्टात येतो, ही मर्यादासुद्धा जुन्या कायद्यातलीच आहे.

ती मर्यादा कितपत टिकली, हे पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील अभ्यासक डी. सी. वाधवा यांनी बिहारच्या राजपत्रांची पाने चाळून दाखवून दिले. १९६७ ते १९८१ या काळात बिहारच्या राज्यपालांनी २५६ वटहुकूम काढले होते, आणि त्यांतील अनेक वटहुकूम मुदत संपत आली की त्याच मजकुरासह पुन्हा जारी केले जात होते. काही तर अशा रीतीने चौदा वर्षांपर्यंत जिवंत राहिले. विधानसभा भरत होती, अधिवेशने होत होती, आमदार भत्ते घेत होते, आणि कायदे मात्र सचिवालयात होत होते. वाधवांनी हा अभ्यास पुस्तकरूपाने प्रसिद्ध केला, सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, आणि डिसेंबर १९८६ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ही प्रथा म्हणजे घटनेशी केलेली लबाडी आहे असा निवाडा दिला. तरीही बिहारमध्ये तोच प्रकार चालू राहिला, आणि २०१७ मध्ये कृष्णकुमार सिंह खटल्यात सात न्यायमूर्तींच्या पीठाला तेच पुन्हा सांगावे लागले. लोकशाहीचा हा अपमान ज्या कलमाच्या आधारे झाला, त्याचा उगम लंडनच्या संसदीय परंपरेत नाही, वॉशिंग्टन किंवा डब्लिनमध्ये तर नाहीच. कलकत्त्याच्या व्हाइसरॉय कौन्सिलमध्ये आहे.

राज्यांतील निर्वाचित सरकारे बाजूला सारून केंद्राने कारभार हाती घेण्याची तरतूद, म्हणजे कलम ३५६, हीदेखील याच घराण्यातली. १९३५ च्या कायद्यातील ९३ व्या कलमानुसार प्रांताचा कारभार कायद्याबरहुकूम चालू शकत नाही असे वाटल्यास गव्हर्नर सर्व सत्ता स्वतःकडे घेऊ शकत असे, आणि १९३९ मध्ये काँग्रेस मंत्रिमंडळांनी राजीनामे दिल्यावर मुंबई प्रांतात तसेच झाले. स्वातंत्र्यानंतर हे कलम शंभराहून अधिक वेळा वापरले गेले. फेब्रुवारी १९८० मध्ये एकाच फटक्यात नऊ राज्यांतील सरकारे बरखास्त करण्यात आली, त्यांत शरद पवार यांचे महाराष्ट्रातील सरकारही होते. १९९४ च्या बोम्मई निकालाने या अधिकाराला लगाम बसेपर्यंत राज्यपाल हे पद केंद्राच्या हातचे शस्त्र म्हणूनच वावरत राहिले. सीमेपलीकडचा अनुभव तर याहून बोलका आहे. पाकिस्ताननेही त्याच १९३५ च्या कायद्यावर आपला कारभार सुरू केला आणि तेथील गव्हर्नर जनरल गुलाम मोहम्मद यांनी वसाहतकालीन अधिकार शब्दशः घेऊन १९५३ मध्ये नाझिमुद्दीन यांना पंतप्रधानपदावरून दूर केले, पुढच्या वर्षी तर संविधान सभाच बरखास्त केली. या दोन्ही कृत्यांना ब्रिटनच्या राजाच्या वर्तनात आधार नव्हता. आधार होता व्हाइसरॉयच्या वर्तनात. म्हणजे संकेत मागे राहिले आणि केवळ संहिता आली, असे जे म्हटले जाते तेही पूर्ण खरे नाही. संकेतही आले, पण ते वेस्टमिन्स्टरचे नव्हते, गव्हर्नर जनरलच्या दफ्तराचे होते. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ झाला.

आता खरोखर दुरून आणलेल्या गोष्टींकडे वळले पाहिजे, आणि येथे टीकाकारांना एक मुद्दा देऊन टाकणे न्याय्य ठरेल. आणीबाणीत मूलभूत अधिकारांची अंमलबजावणी स्थगित करण्याची कल्पना जर्मनीच्या १९१९ च्या वायमार घटनेची आठवण करून देणारी होती, आणि जून १९७५ नंतर तिचे काय झाले हे सांगण्याची गरज नाही. परंतु या तरतुदीचा धोका घटना समितीत ज्यांनी ओळखला, त्या ह. वि. कामथ यांनी तो कशाच्या आधारे ओळखला? वायमारचे पुढे काय झाले, हे त्यांना ठाऊक होते म्हणून. दुसऱ्या देशातून घेतलेल्या कलमाबरोबर त्या कलमाचा अनुभवही हाती येतो आणि त्यावर बोट ठेवून वाद घालता येतो. ऑगस्ट १९४९ मध्ये कामथांचे ऐकले गेले नाही, हा सभागृहाच्या निर्णयाचा दोष आहे.

निवडीचा हा दोष व्यक्तिस्वातंत्र्याच्या २१ व्या कलमात अधिक स्पष्ट दिसतो. आरंभीच्या मसुद्यात अमेरिकी घटनेतील ‘ड्यू प्रोसेस’ची संकल्पना होती, जिच्या आधारे केवळ कायदा अस्तित्वात आहे का एवढेच नव्हे, तर तो कायदा न्याय्य आहे का, हेही न्यायालयाला तपासता येते. घटनाविषयक सल्लागार बी. एन. राव १९४७ च्या अखेरीस अमेरिकेत गेले असता तेथील न्यायमूर्ती फेलिक्स फ्रँकफर्टर यांनी ही संकल्पना लोकशाहीविरोधी आहे आणि न्यायाधीशांवर ती अवाजवी भार टाकते, असा सल्ला त्यांना दिला. मसुदा समितीने ती वगळली आणि तिच्या जागी ‘कायद्याने प्रस्थापित केलेली कार्यपद्धती’ हे शब्द जपानच्या १९४६ च्या घटनेतून घेतले. सभागृहात यावर रणे माजली. जुन्या शब्दांसाठी दुरुस्त्या आल्या, क. मा. मुन्शी यांच्यासारख्या मसुदा समितीच्या सदस्यानेही त्यांची बाजू घेतली, आणि डिसेंबर १९४८ मध्ये आंबेडकरांनी दोन्ही बाजूंचे धोके मांडून आपण कात्रीत सापडल्याची कबुली देत निर्णय सभागृहावर सोपवला. अंधानुकरण करणारे सभागृह असे वागत नाही. मूळ अमेरिकी कलम उपलब्ध असताना, अमेरिकी न्यायाधीशाच्याच सल्ल्याने ते नाकारून, जपानी शब्द उचलून, त्यावर पुन्हा नऊ महिन्यांनी अटकेविषयीचे २२ वे कलम भरपाई म्हणून जोडणे, या साऱ्याला नक्कल म्हणायचे असेल तर अस्सल म्हणावे असे जगात काहीच उरणार नाही.

या निवडीचा परिणाम मात्र वाईट झाला, आणि तो परिणाम कोठे झाला हे पाहण्यासारखे आहे. घटना अमलात येऊन महिना होत आला असतानाच, फेब्रुवारी १९५० मध्ये, संसदेने प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेचा कायदा केला. प्रतिबंधात्मक स्थानबद्धता म्हणजे गुन्ह्याबद्दल नव्हे, तर गुन्हा घडेल या संशयावरून खटल्याविना तुरुंगात डांबणे. तिची वंशावळ बंगालच्या १८१८ च्या तिसऱ्या रेग्युलेशनपर्यंत आणि १९१९ च्या रौलट कायद्यापर्यंत मागे जाते. त्याच वर्षी ए. के. गोपालन यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने कार्यपद्धती कायद्याने ठरवलेली असली की पुरे, तिचा न्याय्यपणा तपासण्याचे कारण नाही, असा अर्थ लावला. घरच्या वसाहती हत्याराला आळा घालू शकेल अशी परदेशी संकल्पना बाजूला ठेवली गेली होती, एवढाच याचा अर्थ. १९७८ मध्ये मनेका गांधी खटल्यात न्यायालयाने कार्यपद्धती न्याय्य आणि वाजवी असलीच पाहिजे असे ठरवले, तेव्हा वगळलेली परकी संकल्पना मागच्या दाराने परत आली. मधल्या अठ्ठावीस वर्षांत तुरुंगात गेलेल्यांना तिचा उपयोग झाला नाही.

याच्या उलट बाजूचे उदाहरण म्हणजे घटनेच्या ‘मूलभूत चौकटी’चा सिद्धांत, ज्यानुसार संसदेला घटनादुरुस्ती करता येते, पण घटनेची ओळखच पुसून टाकता येत नाही. भारतीय न्यायशास्त्राचे अस्सल अपत्य म्हणून त्याचा गौरव केला जातो, आणि टीकाकारांनाही तो आपला वाटतो. या कल्पनेच्या मुळाशी हायडेलबर्गचे अभ्यासक डिट्रिश कॉनराड यांनी फेब्रुवारी १९६५ मध्ये बनारस हिंदू विद्यापीठात दिलेले व्याख्यान आहे. घटनेतील दुरुस्तीच्या अधिकाराला अंगभूत मर्यादा असतात हा त्यांचा मुद्दा जर्मन अनुभवातून आला होता, कारण हिटलरने वायमार घटनेचा गळा तिच्याच तरतुदी वापरून घोटला होता आणि त्यामुळे १९४९ च्या जर्मन मूलभूत कायद्याने काही तत्त्वे दुरुस्तीच्या कक्षेबाहेर ठेवली होती. हा मुद्दा एम. के. नंबियार यांनी गोलकनाथ खटल्यात न्यायालयापुढे नेला आणि २४ एप्रिल १९७३ रोजी केशवानंद भारती खटल्यात तेरापैकी सात न्यायमूर्तींच्या बहुमताने तो कायदा झाला. पुढे १९८९ मध्ये बांगलादेशच्या सर्वोच्च न्यायालयाने तो भारतातून उचलला. जर्मनीच्या शोकांतिकेतून निघालेली कल्पना बनारस आणि दिल्लीमार्गे ढाक्याला पोचते, तेव्हा तिचा देश कोणता हे विचारण्यात वेळ घालवण्याचे कारण नाही. तिने दोन वर्षांनी आलेल्या आणीबाणीत घटना पूर्ण बुडण्यापासून वाचवली का, हा खरा प्रश्न, आणि त्याचे उत्तर मिनर्व्हा मिल्सच्या १९८० च्या निकालात आहे.

येथपर्यंत परकेपणाची बाजू तपासली. आता देशीपणाच्या बाजूचा पुरावा पाहणे भाग आहे, कारण मातीला मानवणारी व्यवस्था हे केवळ स्वप्न नाही, ती अनेक देशांत प्रत्यक्ष राबवली गेली आहे. नेपाळमध्ये ब्रिटिश घटनातज्ज्ञ सर आयव्हर जेनिंग्ज यांच्या मदतीने तयार झालेल्या १९५९ च्या घटनेनुसार पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली आणि विश्वेश्वरप्रसाद कोइराला पंतप्रधान झाले. १५ डिसेंबर १९६० रोजी राजा महेंद्र यांनी त्याच घटनेने राजाला बहाल केलेला आणीबाणीचा अधिकार वापरून हे सरकार बरखास्त केले, कोइरालांना आठ वर्षे कैदेत ठेवले आणि १९६२ मध्ये नेपाळच्या मातीला मानवणारी म्हणून पंचायत व्यवस्था आणली. खालून वर जाणाऱ्या पंचायतींच्या पायऱ्या, पक्षांवर बंदी आणि शिखरावर राजा, अशी तिची रचना होती. जेनिंग्जची घटना परकी होती म्हणून कोसळली, असे म्हणणाऱ्यांनी ती जनतेने नव्हे तर राजाने आणि सैन्याने पाडली, आणि मातीची म्हणवणारी व्यवस्था मात्र १९९० मध्ये रस्त्यावर उतरलेल्या जनतेने पाडली, या फरकाचे स्पष्टीकरण द्यायला हवे.

पाकिस्तानात जनरल अयुब खान यांनीही पाश्चात्त्य संसदीय पद्धत आपल्या लोकांच्या प्रकृतीला मानवत नाही असेच सांगून १९५९ मध्ये ‘मूलभूत लोकशाही’ आणली. तिच्यात जनतेने ८०,००० स्थानिक प्रतिनिधी निवडायचे आणि राष्ट्राध्यक्षाची निवड त्या ८०,००० जणांनीच करायची होती. जानेवारी १९६५ च्या निवडणुकीत फातिमा जिना यांच्या सभांना गर्दी उसळली, पण मतदार त्या गर्दीत नव्हते. ते जिल्हाधिकाऱ्याच्या आवाक्यात होते. इंडोनेशियात सुकार्णो यांनी १९५९ मध्येच निवडून आलेली संविधान सभा विसर्जित करून गावच्या एकमताच्या परंपरेचे नाव घेत ‘मार्गदर्शित लोकशाही’ सुरू केली. तीन देश, तीन भाषा, तीन इतिहास, आणि युक्तिवाद मात्र एकच. इतके साम्य मातीतून येत नसते.

श्रीलंकेचा अनुभव यांहून गुंतागुंतीचा आहे आणि म्हणून अधिक शिकवणारा. जेनिंग्ज यांचीच छाप असलेली तेथील स्वातंत्र्यकाळची सोलबरी घटना ही दक्षिण आशियातील ब्रिटिश नमुन्याची सर्वांत निष्ठावान प्रत होती. तिच्यात मूलभूत अधिकारांची यादी नव्हती. होते ते केवळ २९ व्या कलमातील एक उपकलम, ज्यानुसार एखाद्या जमातीवर भेदभावाचा बोजा लादणारा कायदा करता येत नसे. हे कवच पातळ ठरले, कारण १९४८ च्या नागरिकत्व कायद्याने आणि पुढच्या वर्षीच्या निवडणूक दुरुस्तीने मळ्यांवर राबणाऱ्या भारतीय वंशाच्या तमिळांचा मताधिकार गेला आणि १९५३ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने त्यावर शिक्कामोर्तब केले. निष्ठावान नक्कल अपुरी पडते, याचा हा पुरावा टीकाकारांनी खुशाल वापरावा. मात्र पुढे काय झाले, तेही त्यांनी वाचावे. ब्रिटिश राजसत्तेशी असलेला कायदेशीर धागा जाणीवपूर्वक तोडून, संपूर्णपणे देशी म्हणून जी घटना २२ मे १९७२ रोजी लागू झाली, तिच्यात बौद्ध धर्माला अग्रस्थान आणि सिंहली भाषेला एकमेव राजभाषेचे स्थान घटनात्मक पातळीवर मिळाले, संमत झालेल्या कायद्याची न्यायालयीन तपासणी बंद झाली, आणि २९ व्या कलमातील ते पातळ कवचही गळून पडले. देशी घटनेने परकी घटनेतून नेमके काय वगळले, यावरून तिच्या देशीपणाचा हेतू कळतो.

यावर असे म्हणता येईल की राज्यकर्त्यांनी परंपरेचे नाव बदनाम केले, म्हणून परंपरा दोषी ठरत नाही. हे म्हणणे रास्त आहे. पण मग परंपरा कोणती आणि तिच्या वतीने बोलायचे कोणी, हे सांगावे लागते, आणि महाराष्ट्रातील वाचकाला हा प्रश्न नवा नाही. ग्रामव्यवस्थेकडे काहींनी आदर्श म्हणून पाहिले, तर आंबेडकरांनी तिच्याकडे संकुचितपणाचे आणि अज्ञानाचे आगर म्हणून पाहिले. दोघेही त्याच मातीतले होते. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केला, तेव्हा परक्या देशाच्या घटनात्मक लढ्यातून येथील शूद्रातिशूद्रांना काही घेता येईल, असे पुण्यातल्या एका माणसाला घटना समितीच्या पाऊण शतक आधी वाटले होते. आणि देशी ग्रामराज्याचा जो प्रयोग कौतुकाने सांगितला जातो, तो सातारा भागातील औंध संस्थानाचा १९३९ चा प्रयोग, राजे भवानराव पंतप्रतिनिधी, त्यांचे पुत्र अप्पासाहेब आणि गांधीजी यांच्याबरोबर मॉरिस फ्रिडमन या पोलंडमध्ये जन्मलेल्या अभियंत्याच्या परिश्रमातून आकाराला आला होता. त्याने प्रयोगाची किंमत तसूभरही कमी होत नाही. गांधीवाद्यांची पंचायतीची मागणी घटनाकारांनी झिडकारलीही नव्हती; के. संथानम यांची दुरुस्ती आंबेडकरांनी स्वीकारली, ती ४० वे कलम झाली, आणि १९९३ पासून पंचायतींना घटनात्मक स्थान मिळाले, तेही स्त्रियांसाठी आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी राखीव जागा ठेवून, म्हणजे परंपरेने ज्यांना पारावर बसू दिले नव्हते त्यांना आत घेऊन.

किंबहुना घटनेत खोलवर रुजलेली देशी कलमे शोधायचीच असतील तर ती वेदकालीन सभा-समितींच्या वर्णनांत सापडणार नाहीत. पंधराव्या कलमाचे दुसरे उपकलम पाहावे. दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तळी, स्नानघाट आणि रस्ते यांच्या वापराबाबत कोणत्याही नागरिकावर धर्म, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून निर्बंध घालता येणार नाही, असे ते म्हणते. घटनांमध्ये स्वातंत्र्य आणि समता हे शब्द असतात. विहिरी आणि तळी सहसा नसतात. ती येथे आली त्यामागे सी. के. बोले यांचा १९२३ चा मुंबई कायदेमंडळातील ठराव आहे, तो कागदावरच राहिल्यामुळे मार्च १९२७ मध्ये महाडला झालेला चवदार तळ्याचा सत्याग्रह आहे, आणि तळे खाजगी असल्याचा सवर्णांचा दावा फेटाळून मुंबई उच्च न्यायालयाने १९३७ मध्ये दिलेला निकाल आहे. हे कलम कोणत्याही परदेशी घटनेतून आलेले नाही, आणि तरीही घटनेत आपले काहीच नाही म्हणणाऱ्यांच्या लेखनात त्याचा उल्लेख क्वचितच आढळतो, याचे कारण ‘आपले’ या शब्दाच्या त्यांच्या हिशेबात महाड धरलेले नसते.

लोकांना ही घटना परकी वाटली, असेही ठासून सांगितले जाते. घटनेच्या आरंभीचे खटले तसे सांगत नाहीत. मुंबईतून निघणाऱ्या ‘क्रॉस रोड्स’ या साप्ताहिकावर मद्रास सरकारने घातलेली बंदी मे १९५० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उठवली, आणि पुढच्याच वर्षी मुंबईच्या दारूबंदी कायद्यातील काही तरतुदी बलसारा या पारशी नागरिकाच्या आव्हानामुळे रद्द झाल्या. लोकांनी नवे अधिकार तात्काळ हाताळायला घेतले होते. ते अडचणीचे वाटू लागले ते सरकारला, आणि जून १९५१ मध्ये, पहिली सार्वत्रिक निवडणूक होण्याआधीच, पहिल्या घटनादुरुस्तीने भाषणस्वातंत्र्यावरील निर्बंध वाढवण्यात आले. शिवाय ज्या निवडणुकीत सतरा कोटींहून अधिक मतदार नोंदले गेले, त्या निवडणुकीचा सार्वत्रिक प्रौढ मताधिकारही नक्कल नव्हता. ब्रिटनला तेथपर्यंत यायला १९२८ साल उजाडले होते आणि स्वित्झर्लंडमधील स्त्रियांना संघराज्याच्या निवडणुकीत मत द्यायला १९७१ पर्यंत थांबावे लागले.

तेव्हा घटनेतील परके काढून टाकण्याची ज्यांना तळमळ आहे, त्यांनी ती जरूर दाखवावी, फक्त आरंभ कोठून करायचा एवढे त्यांनी नीट ठरवावे. वटहुकुमांची १२३ आणि २१३ ही कलमे अद्याप जागेवर आहेत, आणि २२ व्या कलमातील स्थानबद्धतेच्या उपकलमांनुसार सल्लागार मंडळाच्या मताशिवाय माणसाला तीन महिने खटल्याविना डांबून ठेवता येते. ही मुदत दोन महिन्यांवर आणणारी दुरुस्ती संसदेने १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीत मंजूर केली. ती अमलात आणण्याची तारीख ठरवण्याचे काम सरकारवर सोपवले होते, आणि त्यानंतर आलेल्या कोणत्याही पक्षाच्या सरकारने ती तारीख अजूनपर्यंत जाहीर केलेली नाही.